राखेतले त्रेसष्ट दगड

६ ऑक्टोबर

आज समितीची बैठक झाली. बाजारघराच्या संग्रहालयात उन्हाळाभरात एकूण चारशे अकरा माणसं आली, त्यातली निम्मी पाऊस चुकवायला शिरलेली. नगरपालिकेचं पत्र आलंय, की पुढच्या वर्षी हीच गत राहिली तर वरचा मजला भाड्याने देणार. तीस वर्षं शाळेत पोरं हाकली, मग हे संग्रहालय हातात घेतलं, त्यात नऊ हिवाळे घातले, आणि आता तिथे कुणीतरी नखं रंगवायचं दुकान थाटणार. माझा नुसता संताप झाला.

एम्लिन आमचा चिटणीस. माझ्याच वर्गात होता, चाळिशी उलटली तरी मला अजून मिस म्हणतो. म्हणाला, "मिस, लोकांना आता वस्तू नको असतात. अनुभव हवा असतो."

"मग दे की अनुभव. जानेवारीत वरच्या मजल्यावर तासभर बसव त्यांना."

पण रागाच्या भरात मलाच सुचलं. हिवाळा लागायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या त्रेहेस्बिनच्या चौकात पूर्वी मोठा जाळ करत. प्रत्येकाने आपल्या खुणेचा पांढरा दगड त्यात टाकायचा आणि सकाळी राखेतून शोधून घरी न्यायचा. ज्याचा सापडला नाही, तो पुढचा हिवाळा बघत नाही. माझ्या आईच्या लहानपणापर्यंत हे चालू होतं, मग चॅपेलच्या कर्मठ मंडळींनी बंद पाडलं. म्हटलं, हेच पुन्हा सुरू करू. एम्लिनचे डोळे लकाकले. याची जाहिरात तो बर्मिंगहॅमपर्यंत करणार म्हणे.

घरी येऊन इद्वलला सांगितलं. नवरा माझा, पण दाद द्यायची म्हटली की जिभेवर दगड. विस्तवाकडे बघत म्हणाला, "खुणा कोरायला मीच लागणार ना तुला?"

१९ ऑक्टोबर

नदीतून पांढरे दगड आणले. साठच्या वर नावं आली आहेत. इद्वल मागच्या शेडमध्ये बसून कोरतोय. अक्षरं नकोत, चित्रं हवीत असं त्यानेच ठरवलं. माझ्या दगडावर शाळेची घंटा, त्याच्यावर छिन्नी, एम्लिनच्या दगडावर चष्मा.

"चाळीस वर्षं मेलेल्यांची नावं कोरली," म्हणाला, "जिवंत गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळतंय. चूक झाली तर तक्रार करायला परत येईल, एवढंच वाईट."

हसता हसता त्याला ढास लागली. शेडमध्ये पाटीच्या दगडाची धूळ अजून आहे, झाड म्हणून कितीदा सांगितलं. मंगळवारी पुन्हा बसने श्रूसबरीला गेला होता, दातांसाठी. ही तिसरी खेप. एवढ्या फेऱ्यांत नवी कवळी बसली असती. पण तोंड उघडून दाखवेल तर शपथ.

कायन्वेननेही नाव दिलंय! चौकातल्या चहाच्या दुकानाची मालकीण ती. चॅपेल बंद झालं तेव्हा तिथली पायपेटी मी संग्रहालयासाठी मागितली होती. हिने आधीच जाऊन उचलून नेली आणि आता तिच्यावर केकच्या बशा मांडते. गाणाऱ्या पेटीवर केक! नऊ वर्षं आमच्यात 'गुड मॉर्निंग'पलीकडे शब्द नाही. इद्वलने तिच्या दगडावर किटली कोरली. छान कोरली, म्हणजे मला राग आला तेवढी छान.

३१ ऑक्टोबर

तीन बसगाड्या आल्या! सहाला जाळ पेटवला, चॅपेलच्या जुन्या मंडळींनी गाणं म्हटलं, त्रेसष्ट माणसांनी जाळाभोवती तीन फेऱ्या घालून त्रेसष्ट दगड टाकले. मी बाजारघराच्या दारात यादी घेऊन उभी होते, एकेका नावापुढे खूण केली.

शेवटी जाळ बसू लागल्यावर सगळ्यांनी ओरडत घराकडे पळायचं असतं, कारण शेपूट नसलेली काळी डुकरीण मागून येते आणि सर्वांत मागे राहील त्याला धरते. पाहुणे किंचाळत पळाले. मी या वयात पुलापर्यंत पळाले! आमचं घर पुलाजवळ, रस्त्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला. वळून बघते तर इद्वल कुठे? चौकाच्या कोपऱ्यावर खांबाला धरून उभा. सगळं गाव पुढे आणि हा एकटा मागे, पाठीशी तो लाल उजेड.

"धरलं रे तुला डुकरिणीने!" मी ओरडले.

त्याने हात वर केला.

१ नोव्हेंबर

हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

दहा वाजता सगळे आपापला दगड शोधायला येणार होते. त्याआधी राख निवली का बघावं म्हणून मी साडेसहालाच निघाले. आकाश नुकतं उजळत होतं. राखेपाशी कुणीतरी गुडघ्यांवर बसलेलं दिसलं. इद्वल होता, शेजारी आमचा कुत्रा. कोपरापर्यंत हात राखेने पांढरे.

"इथे काय करतोस?"

"निखारे राहिलेत का बघत होतो. वारा सुटला तर बाजारघराच्या लाकडी खांबांना धोका."

मला बरं वाटलं, काळजी वाटते म्हणजे संग्रहालयाची. मी काठीने दगड ओढून रांगेत मांडले. बासष्ट. पुन्हा मोजले. बासष्ट. यादी घेऊन एकेक खूण ताडून पाहिली. माझी घंटा होती. इद्वलची छिन्नी तर वरच सापडली, आणि तिच्या रेघा बाकीच्यांहून स्वच्छ, धूर न लागलेल्या. कारागिराचा हात म्हणतात तो असा.

नव्हती ती किटली.

आम्ही दोघांनी चाळणीने राख चाळली. खिळे निघाले, एक काटा निघाला. कायन्वेनचा दगड नाही. एवढा मुठीएवढा दगड, आगीत जातो कुठे?

मी शिकलेली बाई आहे. असल्या गोष्टी मी संग्रहालयाच्या पाट्यांवर 'असा समज होता' म्हणून लिहिते. पण त्या राखेपाशी मला तसं लिहिता आलं नसतं. एकटी बाई, पुढेमागे कुणी नाही, आणि दहा वाजता सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, रिकाम्या हाताने उभी राहणार. माझ्या खुळापायी.

"इद्वल, नदीवरून दगड आण. दुसरी किटली कोर. दहाच्या आत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कायन्वेनसाठी?"

"मग कुणासाठी!"

"तिच्यासाठी तू एवढं करशील?"

"आता बोलत बसू नकोस रे!"

त्याने केलं. काजळी फासून दगड राखेत सरकवला. दहा वाजता कायन्वेनने तो उचलला, पदकासारखा सगळ्यांना दाखवला, आणि मला म्हणाली, "बघ, मी आहे अजून वर्षभर. तुझी सुटका नाही." सगळे हसले. मीही हसले.

७ नोव्हेंबर

आज गुरुवार, बाजाराचा दिवस. नऊ वर्षांनी कायन्वेनच्या दुकानात पाय ठेवला. सोबत लीकची पात घालून केलेलं मटणाचं सूप नेलं.

"विष घातलंयस का?" तिने विचारलं.

"घातलं असतं तर एवढं मटण घातलं नसतं."

तिने झाकण उघडून वास घेतला आणि खुर्ची ओढून दिली. तिचा चेहरा नीट पाहिला. डोळ्यांखाली जरा काळं आहे. दर गुरुवारी यायचं ठरवलंय, मधल्या दिवशीही एखादी फेरी. कुणाचं तरी लक्ष हवं तिच्यावर.

२१ नोव्हेंबर

साडेचारला कायन्वेनकडून निघाले. दिवस मावळला होता. दाराबाहेर पडले आणि रस्त्यावर उजेड दिसला. मेणबत्तीएवढा, निळसर, कमरेच्या उंचीवर, आणि धरायला कुणी नाही. खालून, पुलाकडून येत होता, चालत्या माणसाच्या गतीने. वारा चांगलाच होता, पण ज्योत हलत नव्हती. कायन्वेनच्या दारापाशी आला तसा जरा मंदावला, असं मला वाटलं. मग वर चर्चकडे गेला आणि दफनभूमीच्या फाटकात दिसेनासा झाला.

असा उजेड ज्या वाटेने जातो त्या वाटेने शवपेटी जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कायन्वेनच्या दारापाशी मंदावला. दुसरा अर्थच नाही.

घरी इद्वल खुर्चीत झोपला होता. हल्ली जिना चढत नाही, खालीच झोपतो. कुत्र्याला सोबत लागते म्हणे! बारा वर्षांच्या कुत्र्याला अचानक सोबत. पुरुष म्हातारे झाले की त्यांचे लाड असे वाढतात. उजेडाबद्दल त्याला सांगितलं नाही, उगाच कशाला घाबरवा.

७ डिसेंबर

संग्रहालयाची माणसं वाढली आहेत. दगडांचा फोटो कुठल्याशा मासिकात आलाय. आज अभिप्रायाच्या वहीत लेस्टरच्या एका जोडप्याने लिहिलंय: "सगळं सुंदर. विशेषतः पाथरवटाच्या कामाच्या खोलीत बसलेले वृद्ध गृहस्थ. अंगभर पांढरी धूळ, एकदाही मान वर केली नाही. काय कोरताय विचारलं तर पाटी आमच्याकडे वळवली, पण तिच्यावर अजून काहीच नव्हतं."

त्या खोलीत इद्वलची हत्यारं आहेत, त्याचा बाक आहे. माणूस कुणी नाही. दिवसभर दाराशी मीच होते.

घरी येऊन विचारलं, "तू आज मागच्या जिन्याने वर गेला होतास?"

"मी? मी तर पांघरुणाबाहेर नाही निघालो आज. का?"

"खोटं बोलू नकोस. लोकांना खेळ दाखवायचा तर मला सांगून दाखव."

तो हसला नाही. म्हणाला, "पाटीवर काही नव्हतं ना? मग ठीक आहे." असलं काहीतरी विचित्र बोलतो. मी भांडी आपटत स्वयंपाक केला.

२६ डिसेंबर

काल कायन्वेनला जेवायला आमच्याकडे बोलावलं होतं, पण दुकानाची वरची खोली उबदार म्हणून आम्हीच तिच्याकडे जावं असं ठरलं. म्हणजे मी गेले. इद्वलला सर्दी, तो म्हणाला, "तू जा, कारियाद. मला बदकाचा तुकडा आण." कारियाद, म्हणजे लाडके, असं त्याने मला चाळीस वर्षांत म्हटलं असेल तीन वेळा.

कायन्वेनने पायपेटीवरच्या बशा उतरवल्या, भाते कोरडे झालेत पण सूर शाबूत. तिने वाजवलं, मी गायले. गळा गंजला होता, मग मोकळा झाला. अंधार पडेपर्यंत आम्ही चॅपेलमधली सगळी गाणी म्हटली आणि दोघी रडलो. नऊ वर्षं एका लाकडी पेटीसाठी घालवली! आणि आता हिला देवाने थोडेच महिने ठेवले आहेत. किती मूर्ख बायका आम्ही.

गात गात पुलापर्यंत आले. खिडकीत इद्वल बसला होता, दिवा न लावता.

१६ जानेवारी

कायन्वेनचा चेहरा आज कागदासारखा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाली, "नेस्टा, बस. काल दुपारी तीनला मी या खिडकीत होते. रस्त्यावरून अंत्ययात्रा गेली. माणसांनी रस्ता भरला होता आणि पावलांचा आवाज नाही. एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही."

"काल कुणाची अंत्ययात्रा नव्हती गं."

"तेच तर. शवपेटीमागे सर्वांत पुढे तू होतीस. काळ्या कोटात. एम्लिनने तुझा हात धरला होता."

मी तिचा हात घट्ट धरला. असं दिसणं म्हणजे काय ते तिलाही कळतं, मलाही. तिचं कुणी नाही, तेव्हा तिच्या पेटीमागे पुढे मीच असणार. तिला स्वतःचीच अंत्ययात्रा दिसली बिचारीला!

ती माझ्याकडे एकटक बघत होती. "नेस्टा, इद्वल कसा आहे?"

"सर्दी हटत नाही. त्याचं काय, आळशी झालाय. तू स्वतःला जप."

३० जानेवारी

कायन्वेनचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्या दुकानात रोज जाते. तिला ओढून डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं. बाईला काहीही झालेलं नाही. डॉक्टर मला म्हणाला, "आणि घरी कसं चाललंय तुमचं?" म्हटलं, मजेत. निघताना म्हणाला, इद्वलला विचारलंय म्हणून सांगा.

१३ फेब्रुवारी

सूप घेऊन गेले तर कायन्वेनने दारातच अडवलं.

"पुरे झालं. दर चार दिवसांनी माझा रक्तदाब, दर दोन तासांनी माझा रंग. मी मरणार असं तुला कुणी सांगितलंय?"

मग मी सगळं सांगितलं. राख, बासष्ट दगड, दुसरी किटली, उजेड. सांगताना ढसाढसा रडले. तिने ऐकून घेतलं, हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"उजेड कुठून आला म्हणालीस?"

"पुलाकडून."

"मी पाहिलं तेही पुलाकडूनच वर आलं. नेस्टा, माझं दुकान चौकात. मी मेले तर मला आधी खाली पुलावर नेऊन मग वर आणतील का?" तिने सूप माझ्या हातातून काढून घेतलं. "तेव्हापासून तुला विचारतेय, इद्वल कसा आहे. पुलाजवळ कोण राहतं गं? घरी जा. आत्ता जा."

पळत आले. इद्वल खुर्चीत झोपला होता, तोंड उघडं, श्वासाचा आवाज खडीच्या रस्त्यावर गाडी ओढल्यासारखा. हा आवाज रोज घरात होता. मी रेडिओ लावत होते.

खिडकीत त्याचा दगड. छिन्नीची खूण, स्वच्छ. मी तो उलटा केला. मागे काजळीत मुरलेली किटली.

१४ फेब्रुवारी

रात्रभर त्याच्या खुर्चीशेजारी बसले. सकाळी दगड त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो हातात फिरवला. "तू उलटवून बघशील असं वाटलं नव्हतं. नीट मोजतेस, पण धूळ पुसताना वस्तू उचलत नाहीस कधी."

"श्रूसबरीला दात होते?"

"ऑगस्टमध्ये कळलं. चाळीस वर्षांची धूळ आत बसलीय. डॉक्टरने छातीचा फोटो दाखवला, म्हटलं, ही तर आमची खाण."

"आणि हा दगड?"

"सहाला गेलो, अंधारात. विजेरीच्या उजेडात सगळी राख उपसली. माझा नव्हता. मला त्याचं विशेष वाटलं नाही, मला आधीच ठाऊक होतं. पण तू येऊन मोजणार. खिशात छिन्नी होती. एक दगड उलटा केला आणि कोरला. वेळ एवढाच होता."

"कायन्वेनचाच का?"

"शोधून काढला तिचा." आता तो हसला, आणि हसण्याने त्याला पुढे वाकवलं, मी पाठीला हात लावून धरलं. श्वास आल्यावर म्हणाला, "म्हटलं, तिचा नाही सापडला तर नेस्टा एका वेळचं जेवणसुद्धा चुकवायची नाही. मला काय माहीत, तू तिला डोक्यावर घेऊन बसशील!"

"मग सांगायचं होतंस! सगळा हिवाळा मी तिथे सूप वाहतेय, आणि तू इथे एकटा..."

"सांगणार होतो. पण नाताळला तू गात घरी आलीस. नऊ वर्षांत गायली नव्हतीस. म्हटलं, चाललंय ते चालू दे. मी खिडकीत बसून ऐकत असे."

मी त्याला नको नको ते बोलले. ते इथे लिहीत नाही. शेवटी त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ओरडून रडले आणि तो माझे केस सारखे करत राहिला, खरखरीत हातांनी.

त्याचा स्वतःचा दगड कुठे गेला, ते त्यालाही ठाऊक नाही.

२० फेब्रुवारी

एम्लिन आला होता. नगरपालिकेने संग्रहालय ठेवायचं ठरवलंय. येत्या हिवाळ्यात दोनशे दगड, सहा बसगाड्या.

"करू नकोस, एम्लिन."

"का, मिस? सगळ्यांचे सापडले होते ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका. म्हटलं, "नाही सापडले." मग आतल्या खोलीचं दार उघडून त्याला इद्वल दाखवला. बाजारघराच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. जाताना तो टोपी डोक्यावर घालायला विसरला.

२३ फेब्रुवारी

कायन्वेन रोज येते. स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलंय, मला आत येऊ देत नाही. म्हणते, माझी पाळी.

एक नोव्हेंबरपासून मी हिशेब केला. एकशे चार दिवस इद्वल या घरात होता आणि मी नव्हते. पुढे किती आहेत ते डॉक्टर सांगत नाही. मीही विचारत नाही. ही वही लिहायला रोज पाव तास लागतो. तो आत्ता जागा झालाय, काय लिहितेस म्हणून विचारतोय. काही नाही म्हटलं. हा पाव तासही आता त्याचा. आजपासून लिहीत नाही.